नऊ माणसं खलास

शिरगणतीवाला दुकानात शिरला तेव्हा भिकाजी सुईत दोरा ओवत होता. पुढचा सगळा घोटाळा त्या दोऱ्यामुळे झाला, असं तो नंतर सगळ्यांना सांगायचा. दोऱ्याचा काही दोष नव्हता. दोष होता तो ‘घर’ या शब्दाचा.

गोष्ट १९९३च्या डिसेंबरातली. ओमानात पहिल्यांदाच जनगणना चालली होती आणि खाबुऱ्याच्या बाजारात पंधरा दिवस दुसरा विषय नव्हता. भिकाजी त्या बाजारातला शिंपी. मूळचा वेंगुर्ल्याजवळच्या एका वाडीतला. दुकान अर्बाबाचं म्हणजे मालकाचं, मशीन अर्बाबाचं, आणि पासपोर्टही अर्बाबाच्याच कपाटात. भिकाजीची स्वतःची अशी फक्त कात्री होती. तीन वर्षांत त्याने निम्म्या खाबुऱ्याचे दिशदाशे, म्हणजे पायघोळ अंगरखे, शिवले होते. कुणाचा गळा किती आणि कुणाचं पोट गेल्या ईदपासून किती सुटलं, हे त्याला तोंडपाठ होतं.

शिरगणतीवाला म्हणजे गावातल्या शाळेचा मास्तर शरीफ. त्याचे आजोबा खजूर घेऊन मुंबईला जायचे, त्यामुळे घरात दोन पिढ्या हिंदी होती. ती जरा वापरून मऊ झालेली होती, पण चालायची. काखेत भला मोठा फॉर्मांचा गठ्ठा आणि कानावर पेन्सिल अशा थाटात तो बाकावर बसला.

“भिकाजी, ये सरकार का काम है,” तो म्हणाला. “कितना आदमी किधर रहता, सब लिखेगा. फिर सरकार को मालूम पडेगा, किधर स्कूल चाहिये, किधर हॉस्पिटल, किधर पानी का लाइन. गिनती गलत, तो सब गलत. समझा?”

“समझा, उस्ताद,” भिकाजी म्हणाला. त्याचं लक्ष सुईच्या नेढ्याकडे होतं.

“अच्छा. घर में कितना आदमी?”

इथे जरा थांबायला हवं. आखातात एकट्याने राहणारा आपला माणूस जिथे झोपतो, जेवतो आणि आजारी पडतो, त्या जागेला तो कधीही घर म्हणत नाही. ती रूम. ‘रूमवर जातो’, ‘रूमवर ये’, ‘रूमवर डाळ शिजत ठेवलीय’. घर एकच, आणि ते समुद्राच्या पलीकडे. त्यामुळे शरीफने विचारलं घर, आणि भिकाजी विमानाशिवाय वेंगुर्ल्याला पोचला.

“घर में? दस,” तो म्हणाला.

शरीफची पेन्सिल थबकली. “दस?”

“दस. मेरे को पकडके. मां, बाप, बडा भाई, भाभी, उसका दो लडका. फिर मेरा मिसेस शीला, लडका स्वरूप और लडकी रेवा. रेवा छोटी है. पावणे तीन साल.”

रेवाचं नाव घेताना त्याचा आवाज थोडा खाली आला. तो इकडे आला तेव्हा शीलाला चौथा महिना चालू होता. रेवाला त्याने फोटोत पाहिलं होतं, तेही दोनदा. दोन वर्षांनी सुट्टी द्यायचं कबूल करून अर्बाबाने त्याला आणलं होतं. दोन वर्षं झाली तेव्हा अर्बाब म्हणाला, “ईद के बाद, इन्शाल्ला.” त्यानंतर दोन ईदा झाल्या होत्या.

शरीफने सगळी नावं विचारून विचारून लिहिली. एवढ्या माणसांना पाणी कुठून, असं त्याने विचारलं. भिकाजी म्हणाला, “दो बावडी है. एक मीठा, एक थोडा खारा.” वीज आहे का? “है, लेकिन जाती है.” शरीफ विचारात पडला, कारण खाबुऱ्याची वीज जात नसे. भिकाजीने आपणहून दोन म्हशी आणि अकरा माडही सांगून टाकले. सरकार विचारतंय तर हातचं कशाला राखायचं? शरीफने तेही समासात टिपून घेतलं, हात मिळवला आणि तो पुढच्या दुकानात गेला.

भिकाजीला त्या दिवशी फार बरं वाटलं. तीन वर्षांत त्याच्या घरच्यांची नावं या गावात कुणी विचारली नव्हती. ती आता सरकारी कागदावर उजवीकडून डावीकडे लिहिली गेली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक ते चार दुकान बंद असताना तो रूमवर आडवा झाला होता. शेजारच्या खाटेवर एकनाथ होता. हा कणकवलीचा, एसी दुरुस्त करणारा. जगातल्या सगळ्या कायद्यांची त्याला माहिती असे, आणि ती तो कुणी न विचारता देत असे.

“शिरगणतीवालो इलेलो सकाळी,” एकनाथ म्हणाला. “चार माणसां सांगलंय. तू, मी, जनार्दन आणि तो केरळवालो.”

भिकाजी उठून बसला. “माका पण विचारून गेलो. काल, दुकानात. मी धा सांगलंय.”

“धा? खंय धा?”

“घरात.”

“खंयच्या घरात?”

“आमच्या. वेंगुर्ल्याच्या.”

एकनाथ हळूहळू उठला, भिकाजीच्या समोर मांडी घालून बसला आणि डॉक्टर वाईट बातमी सांगण्याआधी जसा चष्मा पुसतो तसा त्याने बनियनने चेहरा पुसला.

“भिकल्या, सरकारी कागदार आता काय झालां, तुका कळतां? तू हडे धा माणसां ठेवलंस. तुझो विझो एक. बाकीची नव खंयसून इली? होडीत बसान?”

भिकाजीची पाचावर धारण बसली.

“अर्बाबाक दंड,” एकनाथ बोटांवर मोजू लागला. “तुका जेल. नायतर थेट विमानात घालतीत, आणि पासपोर्टार शिक्को असो मारतीत की परत येवचां नाव नाय. घराक जाशीत म्हणा तू. पण मगे धा माणसां खातली काय?”

“म्हशी पण सांगलंय रे मी!” भिकाजी कळवळून म्हणाला.

“म्हशींचो विझो आसा?”

चार वाजायची वाट न बघता भिकाजी चपला अडकवून धावत सुटला. उन्हात अर्धं गाव पालथं घातल्यावर शरीफ त्याला समुद्राकडच्या वाड्यांत एका खजुरीच्या बागेपाशी सापडला. भिकाजीला इतका दम लागला होता की वाक्यातले निम्मे शब्द वाटेतच सांडले.

“उस्ताद! वो मेरे घर का नौ आदमी… खलास!”

आखातात ‘खलास’ म्हणजे संपलं, झालं, मिटलं. जेवण खलास, काम खलास, भांडण खलास. भिकाजीला म्हणायचं होतं, ती नावं खलास करा, काढून टाका. पण शरीफ मुंबईला खजूर विकणाऱ्या आजोबांचा नातू होता. हिंदीत माणूस खलास झाला म्हणजे काय, हे त्याला घरूनच ठाऊक होतं.

“खलास?” त्याच्या हातातली पेन्सिल पडली. “नौ?”

“पूरा नौ. इधर कोई नहीं है, उस्ताद. सब इंडिया में. मां, बाप, बच्चा, सब खलास.”

“वो छोटी लडकी भी?”

“वो भी. भैंस भी.”

शरीफ बागेच्या कुंपणाला टेकला. “कब हुआ?”

चूक कधी झाली असं हा विचारतोय, असं भिकाजीला वाटलं. “कल. सुबह ग्यारह बजे. तुम लिखता था ना, उस टाइम पे.”

शरीफच्या अंगावर काटा आला. आपण नावं लिहीत होतो त्याच घटकेला! माणसं इंडियात असूनही या बिचाऱ्याने ती आपल्यापाशीच असल्यासारखी सांगितली, आणि तिकडे…

“कैसे हुआ?”

“एकदम हो गया, उस्ताद. मैं सुई में धागा डालता था. मेरा गलती है.”

“नहीं, नहीं!” शरीफने त्याचे दोन्ही हात धरले. त्याचे डोळे भरून आले होते. “तुम्हारा गलती नहीं. अल्ला का मर्जी. तुम जाओ, आराम करो. मैं देखेगा सब.”

भिकाजीचा जीव भांड्यात पडला. काय हे सरकार आणि काय ही माणसं! एवढी मोठी चूक, आणि मास्तर उलट आपलीच समजूत घालतोय. त्याने वाकून चार वेळा आभाराचं “शुक्रान, शुक्रान” केलं आणि तो हसतमुखाने परत फिरला. दुःखाने माणसाचं डोकं कसं फिरतं हे बघत शरीफ बराच वेळ उभा राहिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी भिकाजीने शटर वर केलं तेव्हा पायरीवर हवाबी बसली होती. हवाबी गल्लीच्या टोकाला राहणारी म्हातारी. बटणासाठी सुद्धा घासाघीस करायची. आज तिच्या पुढ्यात मटण-भाताचं झाकलेलं पातेलं होतं. तिने ते भिकाजीच्या हातात दिलं, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ओढणी डोळ्यांना लावली.

मग माणसं येऊ लागली. मासळीवाला आला, पेट्रोल पंपाचा मालक आला, मशिदीचे इमाम आले, त्यांच्यामागून शरीफ आला. येणारा प्रत्येक जण हात हातात घेऊन अरबीत हळू आवाजात काहीतरी पुटपुटायचा आणि बाकावर गप्प बसायचा. बाक भरला तेव्हा लोकांनी बाहेर चटई टाकली. खजुराची ताटं आली, काहव्याच्या म्हणजे कोऱ्या कॉफीच्या किटल्या आल्या. कुणीही कापड आणलं नव्हतं. भिकाजीने सवयीने एकाच्या गळ्याला टेप लावायला घेतला तर इमामांनी टेप हळूच काढून घेऊन त्याला खाली बसवलं.

शिरगणतीत नाव नीट लागल्याबद्दल इथे असं काही करत असतील, असा भिकाजीने अंदाज बांधला. गाव मोठं अगत्याचं, यात शंकाच नव्हती. तो सगळ्यांकडे बघून हसत होता, खजूर खात होता आणि “शुक्रान, शुक्रान” म्हणत होता. तो हसला की समोरची माणसं माना खाली घालत.

साडेदहाला सोहारहून अर्बाबाची गाडी आली. अर्बाब महिन्यातून एकदाच यायचा, आणि आल्यावर आधी मशीनला तेल आहे का ते बघायचा. आज त्याने मशीनकडे पाहिलंही नाही. सरळ येऊन त्याने भिकाजीला मिठी मारली. अर्बाब धिप्पाड होता. भिकाजी त्याच्या दिशदाशात जवळजवळ दिसेनासा झाला, आणि कापड आपणच शिवलेलं आहे एवढं फक्त त्याला ओळखू आलं.

अर्बाबाने खिशातून एक पाकीट काढलं. आत पासपोर्ट होता आणि परवाचं मस्कत-मुंबई तिकीट होतं.

“जाओ, भिकाजी. दो महीना. पूरा पगार,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. “मेरा गलती है. पूरा साल मैं बोला, ईद के बाद, ईद के बाद. मेरे को माफ करो.”

परवा! परवा रात्री आपण मुंबईत, आणि तेरवा वेंगुर्ल्याला. आता दारात उभी राहणारी रेवा फोटोतली नसणार. जनगणना करणाऱ्या सरकारचं, गावाचं, अर्बाबाचं कसं भलं चिंतावं ते त्याला सुचेना.

“अर्बाब,” तो रडत म्हणाला, “मेरा रेवा कितना खुश होगा!”

अर्बाबाने हुंदका दिला. “हां. उधर जन्नत में खुश होगा.”

भिकाजीचं रडणं जागच्या जागी थांबलं.

“जन्नत में?”

“छोटा बच्चा सीधा जन्नत में जाता है.”

तार आली असणार. अर्बाबाकडे आली असणार, आणि म्हणूनच ही सगळी माणसं, हा भात, हे तिकीट. भिकाजी बाकाच्या कडेवर बसला. रेवाचा आवाज कसा आहे तेही आपल्याला माहीत नाही, एवढंच त्याच्या मनात आलं.

“कौन बोला?” त्याने कसंबसं विचारलं. “किसका तार आया?”

“तार नहीं,” शरीफ पुढे आला. “तुम बोला ना, भिकाजी. परसों… नहीं, कल. बगीचे के पास. नौ आदमी खलास.”

भिकाजीने त्याच्याकडे बघितलं. मग खजुरांच्या ताटांकडे, मग हवाबीच्या पातेल्याकडे. सगळा उलगडा डोक्यात एकदम झाला. कुणी मेलेलं नव्हतं. शीला आता चुलीपुढे असणार आणि रेवा कुठेतरी कोंबड्यांमागे धावत असणार. त्याच्या छातीतला दगड निघाला आणि त्या जागी दुसरा येऊन बसला. हातात तिकीट होतं.

एकनाथ केव्हा आला होता कोण जाणे. सगळा प्रकार त्याच्याही ध्यानात आला होता. तो भिकाजीच्या कानाशी वाकला. “गप रव. एक शब्द बोला नको. परवा विमानात बस. येताना काय तां बघू मगे.”

सल्ला पक्का होता. दोनच दिवस तोंड मिटून बसायचं. तीन वर्षं जे मागितलं ते हातात होतं, आणि खोटं तर तो मुद्दाम बोललाही नव्हता. भिकाजीने पाकीट खिशात घातलंसुद्धा.

तेवढ्यात हवाबी त्याच्या शेजारी येऊन बसली. तिच्या अरबीतलं त्याला काही कळलं नाही. फक्त मधे मधे एक शब्द कळत होता. “रेवा,” ती म्हणत होती, आणि वर बोट दाखवत होती. “रेवा, रेवा.” नाव अगदी बरोबर उच्चारत होती.

ते भिकाजीला सोसवेना. जिला अजून एकदाही कडेवर घेतली नाही तिला चार माणसांत मेलेली म्हणून बसून ऐकायचं?

“नहीं मरा!” तो ओरडला. “कोई नहीं मरा! रेवा नहीं मरी! भैंस भी नहीं मरी!”

मासळीवाल्याच्या तोंडात खजूर तसाच राहिला. मग भिकाजीने सगळं सांगितलं. रूम आणि घर, धा माणसं, विझा, खलास. शरीफ एकेक वाक्य अरबीत करून सांगत होता, आणि सांगता सांगता त्याचा चेहरा लाल होत चालला होता. शेवटी भिकाजीने खिशातून पाकीट काढलं आणि दोन्ही हातांनी अर्बाबापुढे धरलं.

अर्बाबाने ते घेतलं. तिकीट बाहेर काढलं, वाचलं, उलटं करून वाचलं. एकनाथने डोळे मिटून घेतले होते.

“भिकाजी,” अर्बाब म्हणाला, “मरा हुआ आदमी इंतजार करता है?”

“नहीं, अर्बाब.”

“जिंदा आदमी करता है?”

भिकाजीने होकाराची मान हलवली.

“तो मैं क्या गधा है? मरा हुआ के लिए टिकट देगा, जिंदा के लिए नहीं देगा?” अर्बाबाने पाकीट त्याच्या छातीवर आपटलं. “यल्ला, जाओ!” मग तो म्हणाला, “लेकिन दो महीना मौत का था. जिंदा का डेढ महीना.”

आधी इमाम हसले. मग सगळा बाजार हसत सुटला. हवाबीला प्रकार कळला तेव्हा तिने भिकाजीच्या पाठीत एक सणसणीत धपका घातला आणि पातेल्याकडे बोट दाखवलं. ते परत नेणार नाही, जिवंत माणसांच्या नावाने खा, असा तिचा हुकूम होता. सगळ्यांनी मिळून तो भात संपवला.

शरीफने तिथेच फॉर्म काढून दहा खोडले. रूमच्या चार माणसांत भिकाजी आधीच मोजलेला होता. म्हशी आणि माडही समासातून गेले. “अच्छा हुआ तुम खुद आया,” तो म्हणाला. “नहीं तो सरकार इधर चार बच्चे का बेंच रखता, और किसी का गांव में चार बेंच कम पडता.” भिकाजीने मान डोलावली. आपल्यामुळे कुणाचं पोर शाळेत उभं राहिलं असतं, हे त्याला मनापासून वाईट वाटलं.

शनिवारी संध्याकाळी भिकाजी वेंगुर्ल्याच्या अंगणात उभा होता. रेवा आधी आईच्या मागे लपली, मग हलव्याचा डबा दिसल्यावर पुढे आली, आणि तो रिकामा होईपर्यंत बापाच्या मांडीवरून उठली नाही. जेवणं झाल्यावर त्याने सगळ्यांना खाबुऱ्याची गोष्ट सांगितली. आईने मेलेल्यांत आपलं नाव ऐकून तोंडात मारून घेतलं, वडील ठसका लागेपर्यंत हसले. हसली नाही ती फक्त शीला. ती पदराशी चाळा करत बसली होती.

“काय झालां गो?” भिकाजीने नंतर ओसरीवर विचारलं.

“काय नाय.” तिने पदर सोडला. “एक्याण्णवात हडे पण शिरगणती झाली. शाळेतले गुरुजी इलेले. तुमी जावन चार म्हयने झालेले.”

“मगे?”

“मी तुमचां नाव घातलंय. पयलांच. गुरुजी म्हणाले, तो परदेशात आसा मां? मी म्हटलंय, नाय, माडाक पाणी घालूक गेले हत, येतीत आता.”

भिकाजी ताडकन उठला. नुकतंच एका देशाचं खातं त्याने साफ करून दिलं होतं, आणि इथे आपल्याच देशाने त्याला पावणे तीन वर्षं माडांखाली उभा केला होता. तो खुंटीवरचा सदरा शोधू लागला.

“आता खंय चललात?”

“गुरुजींकडे. गिनती चुकली काय बेंचां कमी पडतत, तुका म्हायत नाय.”

“बसा गप,” शीला म्हणाली आणि तिने त्याचा हात धरून त्याला खाली ओढलं. “आता आसात मां घरात? मगे काय खोटां हा त्यात?”